बंडूजीचा स्वतःचा अर्ज

आमच्या जुन्या कचेरीच्या ओसरीवर मी स्टॅम्प विकतो, अन् बाजूले बंडूजी अर्ज लिहून देते. सव्वीस वर्षं झाली. माणूस लाखाचा, पण लेखणी हाती आली की त्याले आवर नाई. कोणाची बकरी हरवली तरी असं लिहीन, की वाचणाऱ्याले वाटावं घरचं माणूसच गेलं.

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. राज्य बदललं, कचेरीच्या छपराचे कवेलू काई बदलले नाई. त्यातले दोन नत्थू चपराश्याच्या डोक्यावर पडले. त्याले फक्त नवे कवेलू पाहिजे होते. बंडूजीनं त्याच्या नावानं लिहिलं : इमारत जर्जर, भिंती डगमगत्या, शेकडो पक्षकारांचे प्राण टांगणीस. झालं! वर्ध्याहून कागद आला, कचेरी पाडून टाका. नवी दुसरीकडं होईन, अन् तिथं अर्ज लिहिणाऱ्यायले ओसरी नाई.

बंडूजी दोन दिवस जेवला नाई. याच ओसरीवर त्याच्या बापानंही अर्ज लिहिले होते. मले हसू येत होतं अन् जीवही तुटत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं दुसरा अर्ज धाडला : खांब सागवानी, भिंती चुन्याच्या, साठ वर्षांत एक तडा नाई, ही पाडू नये.

पाहणीले इंजिनियर साहेब आले. त्यायनं दोन्ही अर्ज टेबलावर शेजारी ठेवले.

"अक्षर एकच आहे. यातला खोटा कोणता?"

"साहेब, तो नत्थूचा. मी फक्त लिहून देणारा," बंडूजी म्हणाला. "हा माझा."

"मग अर्जदाराची सही कुठं आहे?"

पाहतो तं काय, कोपऱ्यात 'लिहिणार बंडूजी', अन् अर्जदाराची जागा अंगठ्यासाठी कोरी! साहेबानं पेन पुढं केला. बंडूजीनं सही केली. मग साहेबानं भिंती ठोकून पाह्यल्या, शिडी लावून आढं तपासलं अन् शेरा मारला, इमारत पक्की आहे, कवेलू बदलावे, पाडू नये.

साहेब गेल्यावर मी बंडूजीले चिडवलं. म्हटलं, दुनियेच्या सह्या बरोबर घेता, स्वतःचीच काऊन विसरले?

"विसरलो नाई, महादेवराव," तो म्हणाला. "लोकायसाठी जन्मभर मागितलं. स्वतःसाठी मागाले लाज वाटली."