टाकी कड्याआड गेली की

"माशांना अंग घासायला नोकरचाकर, आणि यांचे ओले कपडे पिळायला मी," वहिनी मोरीत डुबकीचे रबरी पोशाख आपटत पुटपुटली. एरवी मी हसले असते. मी चष्मे धूत राहिले.

तिचं खोटं नव्हतं. बेटामागे समुद्रात प्रवाळाचा एक खडक आहे. तिथे मांटा येतात. जात पाकटाची, म्हणजे पंख पसरलेल्या चपट्या माशाची, पण शेपटीला काटा नाही, आणि रुंदी दोन खाटांची. खडकावरचे बोटभर मासे त्यांचं अंग टिपून साफ करतात. हे न्हाणं पाहुण्यांना दाखवण्यावर आमचं घर चालतं. मांटा मात्र मानी. डोक्यावर गर्दी झाली की उठतात, आणि पुन्हापुन्हा उठवलं तर न्हाणीघरच बदलतात.

म्हणून अप्पांनी रीत घातली होती. बोटीतून दिसणारी किनाऱ्यावरची पाण्याची टाकी फुटक्या कड्याआड गेली की इंजिन बंद. पुढे बोट नुसत्या पाण्याच्या ओढीवर वाहू द्यायची आणि लांबच उतरायचं. पाहुण्यांचं लक्ष पाण्यात, टाकीकडे बघतो कोण?

परवा पलीकडच्या रिसॉर्टची बोट आली. टाकी आड गेली आणि तिचं इंजिन बंद झालं. अगदी आमच्यासारखी वाहत आली, आणि मग नेमकी खडकावर माणसं ओतली, पोत्यातून बटाटे ओतावेत तशी. मांटा गेल्या त्या गेल्याच. आज सकाळी मी खाली जाऊन आले. बोटभर मासे गिऱ्हाईक नसलेल्या न्हाव्यासारखे ताटकळत होते.

जेवताना सगळे रिसॉर्टवाल्यांच्या यंत्रांना नावं ठेवत होते. यंत्रात जागा दिसते म्हणे. वहिनी वाढत राहिली. दादानं पाणी गरम झाल्याचं सांगितलं, मग अमावास्येनंतर येतील म्हणाला. माझ्याकडे मात्र त्यानं एकदाही बघितलं नाही. लहानपणी मला पाठीवर घेऊन त्यानंच पोहायला शिकवलं होतं. मी विचारलं असतं, तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं.

अप्पांनी ताट बाजूला सारलं.

"यंत्र जागा दाखवेल. टाकी आड गेली की इंजिन बंद करा, हे यंत्र सांगत नाही. ते मी माझ्या दोन लेकरांनाच सांगितलं होतं," ते म्हणाले. "आणि धाकटी कुणाला बोलली नाही. तू बोललास."