गाडीत काही दोष नाही

चोकचं ते काळं बटण — मधोमध पांढरं अक्षर, तेही अर्धं झिजलेलं — कोकिळेच्या दोन बोटांत होतं, आणि ते सोडायचं नव्हतं. बोटभर बाहेर ओढून धरायचं, सोडलं की ते आपोआप आत सरकतं, ते आत गेलं की इंजिन आधी खोकतं, मग गचके देतं, आणि मग गाडी चालवणारा तिचा नवरा घनश्याम रस्त्यावरची नजर न काढता म्हणतो, "धर नं व, धर." वर्ध्यापासून ती धरूनच बसली होती. यवतमाळ मागे पडलं, बोटांना मुंग्या आल्या, मुंग्या जाऊन बोटं नुसतीच बधिर झाली... एवढं एक बटण तरी नीट करून द्या म्हणून सांगितलं होतं. दिवाळीनंतर नागपूरच्या एजन्सीत गेलेली गाडी होळी उलटल्यावर आज सकाळी हातात आली, आणि इतक्या दिवसांत त्यांनी काय केलं, तर ती धुतली. धुतली, पुसली, लाल रंगावर मेण चढवलं, चाकांच्या तारा चमकवल्या. नवरीसारखी नटवून दारात उभी केली, आजार तसाच.

मॅनेजर गोड बोलायचा, हेच तिला सोसत नसे. पंख्याखाली बसून तो घनश्यामला चहा पाजायचा आणि दर वेळी नवं कारण काढायचा. आधी म्हणाला, तुमच्याकडच्या धुळीनं होतं. मग म्हणाला, तुमच्याकडचं पेट्रोल भेसळीचं. मग, विलायतेहून सामान यायला परवाना लागतो. आणि आता — "राज्य बदललं ना घनश्यामराव, आपण आता मुंबई राज्यात. सगळे कागद तिकडे गेले. माझ्या हातात काय आहे?" नव्या राज्यामुळे कोणाचं काय अडलं असेल ते असो, पण इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप बंद पडायला मुंबईचा काय संबंध, हे कोकिळेला कळेना. शिवाय पंप नवा बसवला म्हणाले होते. बॉनेट उघडून दाखवला तेव्हा तिनं पाहिलं — त्याच्या बाजूला तोच पोचा होता, घनश्यामनं मागे पाना मारून मारून पाडलेला.

"हा तं जुनाच हाय," ती म्हणाली.

मॅनेजर तिच्याकडे न बघता घनश्यामकडे बघून हसला. "नव्यालाही लागतं कधी कधी. वहिनींना म्हणावं, गाडीत काही दोष नाही. आम्ही सगळी तपासली."

आणि घनश्याम म्हणाला, "असन."

असन! असेल म्हणे! दारव्ह्याच्या कापूस बाजारात रुमालाखाली भाव लावणाऱ्या दलालाचा हात झटकून टाकणारा हा माणूस, वजनात फरक पडला तर गाडीवान थरथर कापायचे असा याचा आवाज — आणि त्या पंख्याखाली तो बापाच्या सावकाराकडे आल्यासारखा बसायचा, खुर्चीच्या टोकावर, दोन्ही हात गुडघ्यांवर. जी, जी. तुम्ही म्हणता तसं. मी तरी का गप्प बसले? पोच्यावर बोट ठेवून उभं राहायला हवं होतं...

पण सकाळी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एजन्सीत येण्याआधी ती, मामेबहिणीकडे जाऊन येते असं सांगून, एकटी सायकलरिक्षात बसून धंतोलीत गेली होती. डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेच्या तपासण्यांचे कागद पुढे ठेवले, चष्मा काढला आणि अगदी साधेपणानं सांगितलं — तुमच्यात काहीही दोष नाही. पुढच्या वेळी यजमानांना घेऊन या, त्यांचीही तपासणी करू. बस. इतकी वर्षं आणि एवढंसं वाक्य. इतक्या वर्षांचे काढे, सोमवार, कमरेचे गंडे, सासूबाईंनी कोणाकोणाकडून आणलेल्या पुड्या. जावेच्या, विमलताईच्या, मुलाचं बारसं झालं तेव्हा पाळण्यापासून दोन हात लांब उभं राहायला सांगितलेलं... त्या सगळ्याच्या बदल्यात एक वाक्य, आणि बाहेर रिक्षावाला घंटी वाजवत उभा.

ते वाक्य आज त्याला सांगायचं, आणि गाडीतच सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. घरात सांगता येत नव्हतं. घरात भिंतीला कान होते असं नव्हे, माणसंच होती — सासरे मारोतराव ओसरीवर, सासूबाई मधल्या घरात, विमलताईची लेकरं सगळीकडे. ही दोन सीटांची गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा सासूबाई ओवाळता ओवाळता थांबल्या होत्या. "दोनच सीटा? मंग म्या कुठं बसू?" आणि विमलताई पदरात हसून म्हणाली होती, "लेकरं नाहीत, तं पुरतात नं दोन." ते कोकिळेनं ऐकलं होतं; आणि तरीही तिला गाडी आवडली होती. इथं तिसरं कोणी बसू शकत नाही. इथं तो माझ्याशी बोलेल.

बोलायचाही. "ऐक, मागून कट कट येते का?" "ऐक, पंप थांबला का?" लग्नाला इतकी वर्षं झाली आणि त्यानं तिला सगळ्यात जास्त वेळा म्हटलेला शब्द असेल तर तो — ऐक. पण तिचं ऐकायचं नाही, गाडीचं.

वर्ध्याला ती सांगणार होती, तिथं फाटक बंद होतं आणि तो इंजिन गरम होतं म्हणून चिडला. कळंबला सांगणार होती, तिथं चढ लागला. यवतमाळ गेल्यावर तिनं "अहो..." म्हटलं, आणि तो म्हणाला, "थांब, बंद पडते वाटते." तेव्हा पडली नाही. पडली ती बोरी अरब ओलांडल्यावर, घर इतकं जवळ आलं असताना, भर उन्हात, दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या नुसत्या काड्या उभ्या असलेल्या रस्त्यावर. एक गचका, दुसरा गचका, आणि मग ती शांतता.

कोकिळेनं बटण सोडलं.

घनश्याम उतरला, त्यानं बॉनेट उघडलं. पिशवीतलं पाणी फडक्यावर ओतून फडकं पंपाला गुंडाळलं, थोडं थांबला, पाना घेतला, आणि ठोकलं. "चावी फिरव. पंपाची टिकटिक होते का?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"उद्याच ट्रकात टाकून नेतो," तो बॉनेटच्या आतून बोलला. "सोडतच नाही आता त्याले. काय समजते आमाले?"

सोडणार होता. चहा पिणार होता आणि असन म्हणणार होता. तिला एकदम इतका वैताग आला — मॅनेजरचा, बटणाचा, उन्हाचा, या वाकलेल्या पाठीचा, पाठीवरच्या घामाच्या त्या नकाशाचा — की इतके दिवस घोळवलेली सगळी मऊ वाक्यं गळून पडली आणि उरलं ते सरळ बाहेर आलं.

"मी सकाळी मामेबहिणीकडं गेली नव्हती. डॉक्टरीणबाईकडं गेलती."

"काहून? बरं नाही का?"

"बरी हाय. माह्यात काहीच दोष नाही म्हणे. तुमाले आणायले सांगितलं. तुमालेबी तपासते म्हणे एकदा."

मग पाना पुन्हा पंपावर पडला, आधीपेक्षा जोरात.

"टिकटिक झाली का?"

तिला हसू येईल असं वाटलं, आलं नाही. "नाही," ती म्हणाली.

तो सरळ झाला. हात पुसत राहिला, बोटं एकेक करून, पुसण्यासारखं काही उरलं नाही तरी. रस्त्याकडे, मग बाभळीकडे बघितलं. तिच्याकडे नाही.

"हे कोणाले सांगितलं तू?"

"कोणालेच नाही."

"मायले सांगू नको."

एवढंच. माय तिला पुड्या चारत होती तेव्हा हा कधी मायला म्हणाला नव्हता, देऊ नको... तिनं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. बोरीचा बाजार करून बंजाऱ्यांच्या तांड्यावर निघालेली बंडी होती. हाकणारा लालसिंग मारोतरावांना ओळखत होता. त्यानं उतरून रामराम घातला, लाल गाडीभोवती एक चक्कर मारली.

"मोटर बांधू का मालक बैलाले?"

"नाही नाही," घनश्याम घाईनं म्हणाला. "ट्रक येईन. बाईले तेवढं दारव्ह्यापर्यंत ने." आणि मग तिला, खालच्या आवाजात, "तू जाय पुढं. गाडी बंद पडली म्हून सांग."

लालसिंगची बायको रुपीबाई मिठाचं पोतं सरकवून तिला जागा करून देत होती. हातभर हस्तिदंती बांगड्या, कपाळावर घाम. बंडी हलली. थोडं अंतर गेल्यावर रुपीबाईनं विचारलं — सगळ्याच बाया विचारतात तसं, काही मनात न ठेवता — "लेकरं किती हायत बाई तुले?"

"नाहीत."

एरवी यापुढे आणखी एक वाक्य असायचं. ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. कोणी म्हणायच्या आत आपणच म्हणून टाकावं म्हणून तिनं आपलं आपण तयार केलं होतं — माह्यातच दोष हाय. ते जिभेवर आलंही. मग त्याला जागा मिळेना. "अच्छा," रुपीबाई म्हणाली आणि मिठाच्या पोत्याला टेकून डोळे मिटले.

कोकिळेनं मागे वळून पाहिलं. बॉनेट तसंच उघडं होतं आणि तो मडगार्डवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून — पंख्याखाली बसायचा तसा. पिशवीतलं पाणी तर त्यानं फडक्यावर संपवलं. आता पिईल काय? हे मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. या वाक्याची मी इतकी वर्षं वाट पाहिली. ऐकलं की रडू येईल, हलकं वाटेल, काहीतरी होईल असं वाटायचं. हलकं काही वाटत नव्हतं. नुसतं रिकामं, अंगावरचं कोणी काही काढून नेल्यासारखं, आणि त्या रिकामपणात वैताग मात्र जशाचा तसा. आता ते दोषाचं ओझं त्याच्या अंगावर गेलं. तो ते कसं वागवणार? त्याला तर मॅनेजरपुढेही ताठ बसता येत नाही... मी शिकवू? का म्हणून शिकवू?

वळणावर बाभळींआड लाल रंग दिसेनासा झाला. समोर दारव्ह्याच्या कापसाच्या जिनाचं धुरांडं दिसू लागलं. सासूबाई दारातच असतील. गाडीचा आवाज आला नाही म्हणून आधीच बाहेर आल्या असतील. मायले सांगू नको, तो म्हणाला. मग मी काय म्हणाले? बरं म्हणाले असेन. मी नेहमी बरंच म्हणते.

तिनं नीट आठवून पाहिलं — पाना, पुसलेली बोटं, त्याचा आवाज, घुंगरांचा आवाज.

बरं काही ती म्हणाली नव्हती.