माझ्या गळ्यात काडी नव्हती

मी एक जुनी मूस आहे. अरवलीच्या डोंगरात जावर गावी जस्त गाळणाऱ्या भट्ट्या होत्या, तिथली. अंग वांग्यासारखं आणि देठाच्या जागी मातीची लांब नळी. मित्रांनो, मातीला राग नसतो असं म्हणतात. मी भट्टीत भाजून दगडासारखी झाले, पण राग काही भाजला गेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्यातली गत.

मला घडवलं कंकूने. ती कुंभाराची विधवा. माती चाळायची, तुडवायची, तूस मिसळून पुन्हा तुडवायची. सावलीत आम्हांला हळूहळू वाळवायची. हात चालू असताना जावरमातेची गाणी म्हणायची. आवाज काही फार गोड नव्हता, पण आईला हाक मारावी तसा होता. देवीचं नाव घेत घेत मी आकाराला आले, हे माझं भाग्य.

आमचं काम एकाच जाळापुरतं. दळलेला खनिजाचा दगड, कोळसा, मीठ आणि शेण मळून त्याच्या गोळ्या करायच्या आणि मुशीच्या पोटात भरायच्या. मग नळीतून एक वाळकी काडी आत खोचायची. मुशी भट्टीत उलट्या टांगतात ना, तेव्हा त्या काडीमुळे गोळ्या खाली पडत नाहीत. जाळ लागला की काडी आधी जळते आणि मधोमध वाट मोकळी होते. त्या वाटेने जस्ताची वाफ खाली उतरते आणि खालच्या गार भांड्यात थेंब थेंब ठिबकते. एवढीशी काडी, पण सगळी विद्या तिच्यात.

आमच्या भट्टीचा मुख्य होता पेमजी. माणूस कष्टाळू, पण मानाला हपापलेला. शेजारच्या भट्टीत जस्त जास्त निघालं तेव्हा तिथला भेरा हसत म्हणाला, "पेमजीभाई, तुझी भट्टी जस्त गाळते का नुसता घाम?" सगळे हसले. पेमजीच्या ते जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी माणसं देवीच्या दर्शनाला गेली असताना त्याने एकट्याने मुशी भरल्या. जास्त माल मावावा म्हणून आमच्या गळ्यापर्यंत गोळ्या ठासल्या आणि त्यांवर शेणाचा लेप दिला. काडीला जागाच उरली नाही. छत्तीस जणी, आणि एकीच्याही गळ्यात काडी नाही. मी ओरडले असते, पण तोंड त्यानेच बंद केलं होतं.

जाळ चढला. वाफेला वाट मिळेना. आमची पोटं तडकू लागली, ज्वाळा वेड्यावाकड्या उठल्या आणि पेमजीने घाबरून भट्टी अर्ध्यावर विझवली. खालची भांडी कोरडी ठणठणीत. लोक जमले तेव्हा तो म्हणाला, "माती कच्ची. विधवेच्या हातची, दुसरं काय होणार?"

कंकू रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "एक मूस फोडून बघा."

"जाळातून निघालेली मूस फोडत नसतात," पेमजी म्हणाला. "देवीचा निखारा असतो तिच्या पोटात."

रीत खरीच तशी होती. आमच्या गावात वापरलेली मूस अख्खीच भिंतीत बसवतात. त्यामुळे पंचांनीही मूस फोडू दिली नाही. लबाडाने आमच्या जावरमातेच्याच पदराआड तोंड लपवलं. कंकूला गावची माती बंद झाली. ती चाळण डोक्यावर घेऊन डोंगरापलीकडे गेली आणि तिथे घागरी घडवून पोट भरू लागली. आणि पेमजीने आम्हांला कुणी फोडू नये म्हणून स्वतःच्या नव्या घराच्या भिंतीत चिणलं.

तिथेच त्याची चूक झाली. मित्रांनो, आमच्या पोटात मीठ होतं, अर्धकच्चं, न जळलेलं. पाऊसकाळ आला की मी हवेतलं पाणी ओढून घेई आणि भिंतीबाहेर टाकी. पेमजीच्या बायकोने, रोडीने, शेणमातीने सारवावं आणि चार दिवसांत पोपडे निघावेत. तिने सणाला काढलेले पांढरे मोर माझ्या पाण्याने विरघळून जात. मला तिची दया येई, पण मी थांबले नाही. पाच पावसाळे मी ती भिंत रडवली.

शेजारणी विचारत, "वहिनी, तुमच्या भिंतीला कुठलं दुःख झालंय गं? आमच्या काही रडत नाहीत."

रोडी घरात येऊन हे सांगायची, तर पेमजी मक्याची भाकरी मोडत म्हणायचा, "तुझ्या हाताला गुण नाही."

एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. सहाव्या पावसाळ्यात तिने पहार घेतली आणि भिंतीचा फुगलेला भाग उकरला. मी सैल होऊन जमिनीवर आपटले आणि फुटले. दुखलं. पण इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

रोडी भट्टीवाल्याची लेक होती. गळ्यात ठासलेल्या त्या काळ्या गोळ्या पाहून तिला सगळं कळलं. तिने दुसरी मूस काढून फोडली, मग तिसरी. तेच. आमचे तुकडे टोपलीत भरून ती मोहाच्या झाडाखाली बसलेल्या पंचांसमोर आली आणि टोपली ओतली.

"काका, ह्यांच्या गळ्यात काडीची वाट शोधून दाखवा," ती म्हणाली. "मला सापडली नाही. माझे हात वाईट आहेत ना."

पंचांनी पेमजीकडे पाहिलं. त्याला देवीची शपथ घ्यायला सांगितली, तर त्याची मान वर होईना. निवाडा झाला: कंकूला मानाने परत आणायचं, आणि पेमजीने दोन वर्षं तिची माती तुडवायची.

कंकू आली. केस पांढरे झाले होते. ती त्याला शिव्याशाप देईल म्हणून मी आसुसले होते. तिने फक्त त्याच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "टाच लाव. खडा राहिला तर पुन्हा तुडवायला लावीन." गुडघाभर चिखलात उभा असलेला तो भट्टीचा मुख्य, आणि जाता-येता त्याला पाहणारं गाव. भजनात क्षमेचं मोठं गुणगान ऐकलंय मी, आणि ते खरंच असणार. पण खोटं कशाला बोलू? त्या चिखलाचा चपचप आवाज मला आरतीसारखा वाटला.

म्हणून सांगते, मित्रांनो. काम बिघडलं तर घडवणाऱ्याच्या हातांना नावं ठेवण्याआधी आत डोकावून बघा. गरिबाची मेहनत सांभाळा. कुणावर खोटा आळ घेऊन तुम्ही खरं ते भिंतीत चिणाल, पण भिंतीत आम्ही असतो, आणि आम्हांला घाई नसते.