वजडी आणि विलंबित

खाण्यावरचे माहितीपट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मोठ्या हॉटेलातल्या आचाऱ्याने ताटलीत केशराची एक काडी ठेवली, की मागे सरोद वाजते. खेड्यातल्या बाईने तव्यावर भाकरी टाकली, की हलगी. काडी काय आणि भाकरी काय, दोन्ही शेवटी पोटातच जायच्या. पण टीव्हीवाल्यांना हे सांगणार कोण?

वैशाली सांगायला गेली. पुण्यात अशाच एका खाद्यमालिकेला ती संगीत द्यायची. लहानपणापासून ख्याल शिकलेली आणि मूळची मुळशीतल्या माले गावची. मालिकेचा एक भाग मुळशीवर करायचा ठरला, तेव्हा तिनेच दिग्दर्शक शेखरला आपल्या आईचं नाव सुचवलं. केशरबाईंच्या हातची वजडी, म्हणजे बकऱ्याच्या पोटाचं, आतड्याचं कालवण, एकदा खाल्लेला माणूस पुन्हा वाट वाकडी करून यायचा. शेखर लगेच तयार झाला.

"आणि मागे हलगी," तो म्हणाला. "मातीतला आवाज."

"माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा हलगी खाली ठेवली," वैशाली म्हणाली. "गावासाठी वाजवणं बंद म्हणजे बंद. ती आता मी उचलू? आईच्या वजडीवर विलंबित ख्याल लागेल. तोडी."

शेखर वाईट माणूस नव्हता. त्याला हे आजवर कोणी सांगितलंच नव्हतं इतकंच. डोकं खाजवत तो म्हणाला, "चालेल. पण विलंबिताला तोलामोलाचं दृश्य लागतं. पातेलं उघडं, वाफ वर येतेय, रस्सा रटरटतोय. ते मिळालं नाही, तर मी कोळवणच्या फार्महाउसवरचा आचारी घेईन. तो सगळं उघडं ठेवून करतो."

"मिळेल," वैशाली म्हणाली. आईला एकदा तरी सरोदच्या पंगतीला बसवायचंच, असा तिने हट्ट धरला होता.

केशरबाईंनी आधी बरेच आढेवेढे घेतले. "टीव्हीवाल्यांना वजडी काय दावायची? पनीर करते की." लेकीपुढे त्यांचं काही चाललं नाही. मग त्यांनी परसातली चूल सारवली, चुन्याच्या पाण्यात वजडी घासून घासून धुतलेल्या टॉवेलासारखी पांढरी केली, आणि ठेवणीतली साडी नेसून चुलीपुढे बसल्या. खोबरं भाजताना, वाटण परतताना त्यांचे हात असे चालले की कॅमेरावाला खूश झाला. आता राहिलं होतं फक्त उघडं पातेलं.

या मंडळींची कामाची एक रीत होती. कॅमेरा किती संथ सरकवायचा हे कळावं, म्हणून वैशाली शेजारी उभी राहून आलाप घ्यायची आणि कॅमेरावाला त्या लयीत पुढे यायचा. तिने सा लावला. कॅमेरा निघाला. आणि पातेल्यापाशी पोचतो न पोचतो, तोच केशरबाईंनी वर झाकण ठेवलं.

"मावशी, झाकण राहू द्या बाजूला," शेखर म्हणाला.

"व्हय, व्हय," केशरबाई म्हणाल्या.

पुन्हा सा, पुन्हा झाकण. शेखरने झाकण लांब ठेवलं, तर त्यांनी हात लांबवून ताट पालथं घातलं. ताट उचललं, तर परात आली. वजडी शिजून लोण्यासारखी झाली तरी वाफेचं दृश्य काही मिळालं नाही. "कॅमेऱ्याला बुजतात त्या, माझी काही तक्रार नाही," शेखर निघताना म्हणाला. "पण मला आता कोळवण बघावं लागेल." युनिटची गाडी गेली आणि वैशाली रागाने धुमसत ओसरीवर बसून राहिली. आईने मुद्दामच पाण्यात घातलं सगळं, याबद्दल तिची खात्रीच झाली होती.

संध्याकाळी तिने शूटिंगची आपल्याकडची प्रत लॅपटॉपवर लावून आईपुढे ठेवली. "तुला टीव्हीवर यायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतंस. सारखं झाकण कशाला ठेवायचं?"

"मी? मी कवा ठेवलं?"

"बघ मग."

केशरबाई चष्मा लावून बघू लागल्या. पडद्यावर वैशालीचा सा लागला आणि हात झाकणाकडे गेला. पुढच्या वेळी कॅमेरा अजून हललाही नव्हता, नुसता सूर लागला होता, तरी हात गेला. वैशाली चमकली. आई कॅमेऱ्याला बुजत नव्हतीच. कॅमेरा जवळ येऊन उभा होता आणि वैशाली गात नव्हती, तेव्हा पातेलं आपलं उघडंच होतं.

"आई, मी गायला लागले की तू झाकतेस."

केशरबाई आपल्या हाताकडे, तो दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघत होत्या. मग म्हणाल्या, "मला म्हाईतच न्हाई गं. लई जुनी सवय ती. तू पौडाला गाण्याच्या क्लासला जायचीस, त्याआधी घरात सूर लावून बसायचीस. क्लासचा फ्रॉक आंगात असायचा. एकदा तूच हसत हसत येऊन सांगितलंस, बाईंनी खिडकी उघडली आन् म्हनल्या, वैशाली, तुज्या फ्रॉकला कसला गं वास येतोय?"

"मला नाही आठवत."

"बरं झालं. मला आठवतंय की. तवाधरनं तू सूर लावलास की मी पातेलं झाकायची. वजडी, सुकाट, काय बी असू दे. एकच तर खोली हुती आपली. आन् तुला न्यायला यायची, तरी मी क्लासच्या गल्लीच्या तोंडालाच उबी ऱ्हायची. माज्या लुगड्याला बी त्योच वास."

आई क्लासच्या दारापर्यंत कधी येत नाही, याचा वैशालीला लहानपणी फार राग यायचा. बाकीच्या मुलींच्या आया आत सतरंजीवर बसून ऐकायच्या. आपल्या आईला गाण्याची आवडच नाही, असं तिने तेव्हाच मनाशी धरलं होतं आणि मोठी झाल्यावरही ते सोडलं नव्हतं. आता तिला रडू फुटलं. ज्या गाण्याच्या पंगतीला ती आईला मानाने बसवायला निघाली होती, त्याच गाण्यासाठी आई इतकी वर्षं दाराबाहेर उभी होती.

डोळे पुसून तिने शेखरला फोन लावला आणि आणखी एक सकाळ मागून घेतली. तो कुरकुरला, पण आला.

या वेळी वैशाली कॅमेऱ्याशेजारी उभी राहिली नाही. मैफलीत नेसायची ती रेशमी साडी नेसली, तानपुरा घेतला आणि थेट चुलीला लागून पाटावर बसली.

"आगं, तितं नको बसू," केशरबाई घाईने म्हणाल्या. "साडीला वास लागंल. हप्ताभर जायचा न्हाई."

"लागू दे."

तिने सा लावला. केशरबाईंचा हात गेलाच. झाकण उचललं गेलं, पातेल्यापर्यंत आलं, आणि शेखरने कपाळावर हात मारला. पण झाकण पातेल्यावर पडलं नाही. केशरबाईंनी ते सावकाश मागे घेतलं आणि मांडीवर धरून बसल्या.

वाफ वैशालीच्या तोंडावर येत होती. धूर, भाजलेलं खोबरं आणि वजडीचा तो ओळखीचा उग्र वास. मंद्रात उतरताना तिला ठसका लागला. ती थांबली, खोकली, आणि तिथूनच पुढे गायली. शेखर थांबा म्हणाला नाही. कॅमेरा त्याला हवा तितका संथ पातेल्यावरून फिरला, पण केशरबाई ना पातेल्याकडे बघत होत्या ना कॅमेऱ्याकडे. लेकीपासून हातभर अंतरावर बसून त्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

आलाप संपला. चुलीतलं लाकूड मागे ओढायचं भान कुणालाच राहिलं नव्हतं. केशरबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"गल्लीपत्तुर यवडं नीट ऐकू येत नव्हतं गं," त्या म्हणाल्या.