दिनानाथांनी निवडलेले विषय

नववीचे विषय निवडायचा फॉर्म शाळेतून आला, तेव्हा सुहासिनीनं तो आधी पेन्सिलीनं भरला होता. बीजगणित-भूमिती, आणि खाली पदार्थविज्ञान-रसायन. दिनानाथांनी दोन्ही खोडरबरानं पुसलं आणि नवं फाउंटन पेन उघडलं. शेजारच्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंधी दुकानदाराशी तासभर घासाघीस करून ते त्यांनी खास या कामासाठी घेतलं होतं.

मुलीनं डॉक्टर व्हायचं, यावर घरात दुमत नव्हतं. दिनानाथ अंबरनाथच्या एका कारखान्यात तयार भाग तपासायच्या खात्यात होते. अंदाजावर काही सोडायचं नाही, हा त्यांचा खाक्या. आधीच्या तीन वर्षांचे मॅट्रिकचे निकाल त्यांनी शाळेत बसून उतरवून आणले होते. भल्याभल्या पोरांना भूमितीनं खाली ओढलेलं दिसत होतं. मुलींना मात्र त्याऐवजी नुसतं अंकगणित घ्यायची सवलत होती, आणि त्यात मार्क भरभरून पडत. शिवाय शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्र असा एक विषय होता. डॉक्टर व्हायचं तर शरीर शिकायला नको? ही वाट इतकी सरळ असून कुणाला कशी दिसली नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

गणिताचे विष्णुपंत मास्तर त्यांच्यासारखेच स्टेशनच्या पश्चिमेला राहायचे. ते मुद्दाम घरी आले.

"दिनानाथराव, पोरीचं डोकं भूमितीचं आहे. काढू नका तिला."

"तुमच्या वर्गात मुली नाहीत, म्हणून माझी एक हवी होय?"

"चेष्टा नाही करत मी. कॉलेजात विचारतात हे."

"कॉलेजात मार्क विचारतात, मास्तर. तुमच्या भूमितीत गेल्या साली साठाच्या वर कोण गेलं, सांगा."

मास्तरांनी सुहासिनीकडे पाहिलं. ती दारात उभी होती.

"बाबांनी सगळं बघितलंय, सर," ती म्हणाली.

अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत तीन वर्षं ती अंकगणितातले व्याजाचे आणि हौदाच्या नळांचे हिशेब करत राहिली. सत्तावन्न साली निकाल लागला. शाळेतल्या मुलींत पहिली. तिच्या आईनं, मालिनीबाईंनी, शेजारीपाजारी पेढे वाटले. "या, डॉक्टरीणबाई," असं म्हणत शेजारणी सुहासिनीला नाडी बघायला हात पुढे करायच्या. दिनानाथ ओट्यावरून ऐकायचे आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरून हसायचे.

मुंबईच्या कॉलेजात खिडकीमागच्या कारकुनानं गुणपत्रिका एकदा वाचली, परत वाचली.

"सायन्सला? हिचं गणित कुठंय?"

"आहे की. ब्याण्णव."

"हे अंकगणित, साहेब. आर्ट्सला चालेल."

"शरीरशास्त्रात तर शाळेत पहिली आहे."

"त्यात काय, पाणी उकळून प्या, नखं कापा." रांगेत कुणीतरी हसलं. कारकून जरा ओशाळला. "बीजगणित-भूमिती घेऊन परत बसवा. नाहीतर हा घ्या आर्ट्सचा फॉर्म."

अंबरनाथला उतरल्यावर दिनानाथांनी मनाशी ठरवलं: आधी घरी खरं सांगायचं, मग मास्तरांचे पाय धरायचे. वाक्यसुद्धा जुळवलं होतं. चूक माझी आहे.

पण उंबऱ्यातच मालिनीबाईंनी विचारलं, "झालं?" आणि ते चपला काढायला वाकले तेवढ्यात सुहासिनी म्हणाली, "आई, मी आर्ट्सला जायचं म्हणते. सायन्स नको वाटतं मला."

"नको वाटतं? आणि हे आज सुचलं? पेढे वाटलेत मी गावभर." मालिनीबाई बोलत सुटल्या. लाडावलेली, कृतघ्न, बापाच्या कष्टांची किंमत नाही. सुहासिनीनं एकदाच वडिलांकडे पाहिलं. दिनानाथांनी जुळवलेलं वाक्य तोंडाशी होतं. त्यांनी चपला उचलून भिंतीला लावून ठेवल्या आणि हातपाय धुवायला मोरीत गेले.

रविवारी विष्णुपंत आपण होऊनच आले. त्यांनी कुणालाही दोष दिला नाही.

"पोरीला वर्षभर माझ्याकडे पाठवा. तिला तीन वर्षांचं एका वर्षात जमेल, दुसऱ्या कुणाला नाही जमणार. मार्चला परत बसवू. आपल्याला नुसता तिचा होकार हवा."

आतल्या खोलीत मालिनीबाई तांदूळ निवडत होत्या. सुपाचा आवाज थांबला. आता हो म्हणायचं, तर आठवडाभर मुलीनं कुणासाठी बोलणी खाल्ली तेही सांगावं लागणार होतं. दिनानाथ सतरंजीची दशी ओढत राहिले.

"तिलाच नको झालंय, मास्तर," ते म्हणाले. "पोरींची मनं. आज एक, उद्या एक."

सुहासिनी तेव्हाच चहा घेऊन बाहेर आली होती. तिनं कपबश्या खाली ठेवल्या. एकही बशी वाजली नाही.

"होय का गं?" मास्तरांनी विचारलं.

"हो, सर. मराठी घेणार आहे. साखर पुरेशी आहे का, बघा."

मास्तर चहा अर्धा ठेवून उठले. आर्ट्सचा फॉर्म दुसऱ्या दिवशी भरला गेला.

मास्तरांना हो म्हणतानाच्या तिच्या सुरात रागाचा एखादा कण तरी होता का, हे दिनानाथ पुढे कितीतरी वर्षं आठवून पाहत राहिले. कण सापडला असता, तर त्यांना माफी तरी मागता आली असती.