मध्यंतरानंतरची मुलगी

समीक्षकांनी तिच्या नाटकांवर पानंच्या पानं खरडली होती. म्हणे, ती गोष्ट अधेमधेच कुठूनतरी सुरू करते, केवढं हे बंड! एका विद्वानाने तर त्यावर डॉक्टरेट उपटली. खरं कारण एवढंच होतं, की लहानपणी तिने कुठल्याच गोष्टीची सुरुवात पाहिली नव्हती.

तिची आई थिएटरात डोअरकीपर होती. आठवडाभर सिनेमे, रविवारी नाटक. मध्यंतरापर्यंत तिकिटं कसून तपासली जायची. दिवे पुन्हा मालवले, की दाराकडे कुत्रंही बघत नसे. मग आई पोरीला हळूच आत सरकवायची. नायक तुरुंगात का, ही बाई कुणाची बायको, म्हातारा कशापायी रडतोय? आधीचं सगळं पोर मनानेच रचायची. कधी खलनायकाला नायकाचा सख्खा भाऊ करून टाकायची. घरी जाताना आईला सांगायची, तर आई म्हणायची, "असलंच काहीतरी होतं." तिने तरी कुठं पाहिलं होतं? तिचं लक्ष कायम दारावर.

थिएटरचे लोक पोरीला 'अर्धी' म्हणत.

अर्धी नऊ वर्षांची असताना थोरल्या मालकांनी तिला पकडलं. सिनेमा ऐन रंगात, टॉर्चचा झोत थेट तोंडावर, आणि कान पिरगळून बाहेर. त्याच दुपारी आईची नोकरी गेली. पुढची वीस वर्षं तिने लॉन्ड्रीत लोकांचे शर्ट इस्त्री केले.

आता थिएटरला पन्नास वर्षं झाली. धाकट्या मालकांनी अर्धीला समारंभातलं भाषण टाइप करूनच पाठवलं: 'थोरल्या मालकांनी माझा हात धरून मला पहिल्या रांगेत बसवलं, आणि माझ्यातली कलावंत जन्मली.' सोबत गोड निरोप, की हे वाचलं म्हणजे नव्या नाटकाला महिनाभराच्या तारखा पक्क्या. गावात दुसरं थिएटर नव्हतं. नटमंडळी तीन महिने तालमी करून टेकीला आली होती.

"वाच की," आई म्हणाली. "चार ओळींनी मी काय मरते? फक्त ते पहिल्या रांगेचं काढ. तिथं मान मोडते. ज्याचं भलं करायचं त्याला कुणी तिथं बसवत नाही."

"आणि नोकरी घालवली ते?"

"गेली ती माझी. तू कशाला ऊर बडवतेस?"

समारंभाला अर्धी उभी राहिली. 'थोरल्या मालकांनी माझा' इथपर्यंत बरं गेलं. पुढचा शब्द होता 'हात'.

"कान," ती म्हणाली. मग कागद बाजूला ठेवून तिने सगळंच सांगून टाकलं.

धाकट्या मालकांनी हसत माईक घेतला. "बघा बाईंची कल्पनाशक्ती! आमच्या बाबांनाही सोडलं नाही!"

लोक खदखदून हसले. लेखक खरं बोलतोय, याहून मोठा विनोद कुठला?

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, इस्त्रीच्या मशिनच्या खडखडाटातही ऐकू जाईल असा. "एफ रांग, तेरा नंबर. मॅटिनी. मध्यंतर होऊन दहा मिनिटं. कानातून रक्त आलं, ते मी पुसलंय. हसा आता."

कुणी हसलं नाही. एफ तेरावर बसलेला गृहस्थ तेवढा दचकून उभा राहिला, बिचारा.

संध्याकाळी पत्र आलं: 'तांत्रिक कारणास्तव' तारखा रद्द.

"कान तुमचा, आणि पिरगळला आमचा!" नायकाचं काम करणारा नट भडकला. तो चुकीचं बोलत नव्हता. अर्धीने माफी मागितली. त्याने ती घेतली नाही, पण सोडूनही गेला नाही.

आईने लॉन्ड्रीच्या मालकिणीकडे शब्द टाकला. मागचं गोदाम रविवारी रिकामंच असायचं. पाहायला गेल्यावर नटाने नाक मुरडलं. "पडदा नाही, घंटा नाही. नाटक सुरू झालं हे लोकांना कळणार कसं?"

"मी दार लावीन तेव्हा," आई म्हणाली. "तू आधी पाठांतर कर. काल दोनदा अडखळलास."