वजनकाटा आणि मेथीची जुडी

मित्रांनो, वाण्याच्या दुकानातला तराजू माझा चुलतभाऊ लागतो. तो डाळ-साखर तोलतो. मी माणसे. डॉक्टर जयरामांच्या दवाखान्यातला मी एक जुना वजनकाटा. उभे राहायला लोखंडी पाट, वर छातीइतका उंच खांब आणि आडव्या दांडीवर सरकणारे पितळी वजन. माणूस पाटावर चढला की ते वजन सरकवायचे. जितके ते उजवीकडे जाईल, तितका माणूस भरलेला.

मुंबईच्या कारखान्यात घडून मी रेल्वेने नाशिकला आलो, तेव्हा सातपूरला नवे कारखाने उभे राहत होते. त्र्यंबककडे जाणाऱ्या रस्त्यावर, कामगारांच्या वसाहतीजवळ डॉक्टरांचा दवाखाना होता. भिंतीवरच्या बुद्धांच्या तसबिरीखाली मला जागा मिळाली. कंपाउंडर कोंडाजी मला रोज तेलाच्या फडक्याने पुसत. डॉक्टर नसताना एकदा त्यांनी माझ्यावर कांद्याची गोणीही चढवली होती. माझा अपमान झाला, पण कांदा चांगला होता.

डॉक्टरांची आई औषधावाचून गेली होती. पैसे नाहीत म्हणून तिला दवाखान्याच्या पायरीवरून परत आणावे लागले होते. त्यामुळे डॉक्टर फीचे नाव काढत नसत. कोंडाजींना ते पटायचे नाही.

“साहेब, कापूसवाला आपल्याला कापूस फुकट देतो का?”

“नाही देत.”

“मग?”

“मग सरकारनं द्यावा. ते देईपर्यंत आपण देऊ.”

“म्हणजे तुम्ही सरकार आणि मी खजिना. तोही रिकामा!”

अशात कुसाबाई आल्या. सातपूरच्या बांधकामांवर पाट्या वाहायच्या. खोकून खोकून वाळल्या होत्या. माझ्यावर चढल्या तेव्हा मला वाटले, शाळकरी मूलच चढले. क्षय होता. डॉक्टरांनी बजावले, औषध खूप महिने घ्यायचे, मध्येच सोडले तर दुखणे पुन्हा उसळेल आणि मग आवरणार नाही. कुसाबाई नेमाने येत. सुई टोचून घेत, पदराची गाठ सोडून टेबलावर नाणे ठेवत. हळूहळू माझे पितळी वजन उजवीकडे सरकू लागले.

एके दिवशी डॉक्टरांनी विचारले, “अंडी खाता ना, कुसाबाई? घरच्या कोंबड्या आहेत म्हणाला होतात.”

“इकल्या.”

डॉक्टरांना कळायचे ते कळले. त्यांनी टेबलावरचे नाणे कुसाबाईंकडे सरकवले. “आजपासून मला काही द्यायचं नाही. नुसतं यायचं.”

कुसाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग नाणे उचलून निमूट गेल्या, आणि पुन्हा आल्याच नाहीत.

“बघा,” कोंडाजी म्हणाले. “फुकट म्हटलं की किंमत राहत नाही.” डॉक्टर मात्र दारात पाऊल वाजले की मान वर करून बघत.

शेवटी कोंडाजीच वसाहतीत जाऊन आले. कुसाबाईंनी भांडीकुंडी शेजारणींना वाटून टाकली होती आणि त्या चांदवडजवळच्या माहेरी निघून गेल्या होत्या. रविवारी डॉक्टर आणि कोंडाजी एसटीने तिकडे गेले. कोंडाजी ती हकिगत पुढे कितीतरी वर्षे सांगत: डॉक्टरांना अंगणात बघून कुसाबाईंनी हंबरडाच फोडला, “आई गं! डाक्टर सोता आला! आता काय राह्यलं माझं!”

दुसऱ्या दिवशी कुसाबाईंचा भाऊ लहानू त्यांना घेऊन आला. डॉक्टरांनी विचारले, “पळालात का?”

“पळते कशाला? मराया म्हायेरी गेले व्हते. तुम्ही पैसं घ्याचं सोडलं ना? माझ्या बापाच्या येळंला वैद्यानं दक्षिना म्हनून दिलेली इड्याची सुपारी माघारी दिली, अन् बाप गेलाच. ज्याचं काय खरं नाय, त्याच्याकडून कोण घेतं?”

डॉक्टर खुर्चीतून उठले. त्यांनी कुसाबाईंना माझ्यावर उभे केले. दांडीवर एका जागी बोट ठेवले. “पहिल्या दिवशी वजन इथं थांबलं होतं. आज तुम्ही सरकवा.”

कुसाबाईंनी भीत भीत पितळी वजन ढकलले. ते डॉक्टरांच्या बोटापाशी आले. त्यांनी बोट काढून घेतले; वजन पुढे गेले, आणखी पुढे गेले, तेव्हा कुठे दांडी स्थिरावली.

“येवढी मी भरले?”

“मरणाऱ्या माणसाचं वजन असं वाढतं का?”

“दांडीवरचा हात काढा, बाई,” कोंडाजी म्हणाले, “नाहीतर हाताचं वजन दोनदा धराल त्यात!” कुसाबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

“आता फी,” डॉक्टर म्हणाले. “घरामागं मेथी लावता ना? एक जुडी आणायची.”

“अन् इंजेक्शनाची?”

“त्यातच आली.”

“आणि मी काय खाऊ?” कोंडाजींनी विचारले.

“मेथी!”

तेव्हापासून डॉक्टरांनी कुणाचा पुढे आलेला हात मागे लोटला नाही. कारखान्यातले पगारदार नोटा देत, त्यातून कापूस यायचा. कुणी लिंबे आणी, कुणी काहीच नाही. सुई सगळ्यांना सारखीच टोचायची. कुसाबाई ठणठणीत बऱ्या झाल्या, तरी मेथी चुकली नाही.

बरीच वर्षे गेली. मग डॉक्टरच आजारी पडले. मला उचलून त्यांच्या खाटेजवळ नेले. त्यांची लेक पितळी वजन सरकवायची; प्रत्येक वेळी थोडे डावीकडे. आकडा ती मनातच वाचायची.

तपासायला एक तरुण डॉक्टर येत. लेकीने फी पुढे केली, तशी त्यांनी हात जोडले. “सरांकडून फी घेऊ?”

खाटेवरून डॉक्टर म्हणाले, “घ्या हो. नाहीतर मला चांदवडची गाडी धरावी लागेल.”

सगळे हसले. लेकही हसली, खिडकीकडे तोंड करून. खिडकीत कुसाबाईंनी सकाळी आणलेली मेथी होती. लेकीने त्यातली एक जुडी उचलून तरुण डॉक्टरांना दिली. ते ती घेऊन गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत डॉक्टर गेले, आणि माझे पितळी वजन तिथेच थांबले.

आता मी लेकीच्या घरी असतो. ती मला तेलाच्या फडक्याने पुसते, पितळी वजनाला मात्र हात लावत नाही.

मित्रांनो, पैशावाचून कुणा आजाऱ्याला दारातून परत जावे लागू नये. तो भार एकट्या आजाऱ्याचा नाही, आपण सगळ्यांनी मिळून उचलायचा आहे. पण त्याने प्रेमाने काही पुढे केले, तर तेही घ्या. मेथीची जुडी माझ्या पाटावर ठेवली, तर माझी दांडी हलतसुद्धा नाही. त्या दिवशी तरुण डॉक्टरांनी मात्र ती दोन्ही हातांनी पेलून घेतली होती.